दोन्ही हात हँडलवर

माहा जलम बोरी अरबच्या अलीकडच्या एका लहानशा गावातला. गावाचं नाव राहू द्या ताई, तिथं सगळे आपलेच लोक हायेत. बाबाचं जराकसं वावर, त्यात कापसाची पऱ्हाटी अन् पऱ्हाटीच्या मंधात तुरीचं एखांदं तास. माय मी लहानी असतानाच गेली, मंग बाबानंच मले वाढवलं, वेणी घालून देये, उवा काहाडे, वाकडीतिकडी भाकर थापे अन् म्हने खाय वं सुजाता, पोटात गेल्यावर कोन पाहाते गोल हाये का चौकोनी. असा होता माहा बाप. होता काहून म्हनून राह्यली मी, हाये अजून, पन पयल्यासारखा नाही राह्यला तो.

बाबाची एक गोष्ट पयलेच सांगून ठेवते, नाहीतर पुढचं तुमच्या ध्यानात यायचं नाही. बाबाचा जय भीम. रस्त्यानं कोनी दिसलं का बाबाचा हात वर, पूरा खांद्यापासून वर, अन् आवाज असा का वावरातले पाखरं उडून जायेत. लहानपनी मले लाज वाटे. मी म्हनो बाबा, जरा हळू म्हनत जा ना. तं बाबा म्हने, पोरी, माह्या आज्याले गावात मोठा मानूस दिसला का पायातली वाहान हातात घेऊन बाजूले उभं राहा लागे, खाली मान घालून. आपला हात जो वर होते ना, तो फुकटात नाही झाला वर. समोरच्यानं हात वर नाही केला का बाबाच्या जिवाले लागे, दिवसभर तोच इषय. त्यानं पाह्यलं नसंन, का पाहून नाही केला, का आपलं काही चुकलं, असं. साधा मानूस हाये, दुसरं काही मांगत नव्हता कोनाले.

लगन झालं तं दारव्ह्याकडं आली. आमचे हे कपड्याचा धंदा करत, धंदा म्हंजे काय, लहान लेकरायचे झबले, फ्राक, चड्ड्या, कानटोप्या, हे सगळं गठोड्यात बांधाचं अन् बाजार करत फिराचं, आज बोरी, उद्या नेर, परवा अजून कुठं. पयले सायकल होती, मंग एक जुनी फटफटी घेतली. हे पुढं, मी मंधात, मांगं गठोडं दोरीनं आवळलेलं. मी एका बाजूनं पाय करून बसो, साडी आवरत, एक हात यायच्या खांद्यावर. लोकं हासत, म्हनत, दुकान चाललं, दुकानदारीन चालली, पदर चाकात गेला तं दुकान बंद होईन वं.

काय सांगू तुम्हाले, त्या टापूत आमच्या यायले ओळखत नाही असं घर नव्हतं. ज्या घरी लेकरू झालं त्या घरी पयलं झबलं आमच्या गठोड्यातलं. मंग रस्त्यानं हरेक मानूस हात करे. कोनी जय भीम, कोनी रामराम, कोनी सलाम, अन् हे सगळ्यायले हात वर करून उत्तर देत, गाडी चालतेच, हात वर. नाही केला तं मानूस म्हने, गाडी आली तं मस्ती आली काय गा, अन् दुसऱ्या दिवशी त्याची बायको दुसऱ्या कपडेवाल्याच्या पालावर उभी. म्हून ते सवय अशी लागली का झोपेत बी यायचा हात उठे, खोटं नाही सांगत, मी पाह्यला हाये.

मंग ते कापसाचे वाईट सालं आले. तुम्ही पेपरात वाचलं असंन, आम्ही बाजारात पाह्यलं. घराघरात कापूस पडून, माजघरात कापूस, खाटेखाली कापूस, लेकरं त्याच्यावर झोपत, पन भाव नाही तं बाजारात बाई येये, फ्राक हातात घेये, पोरीच्या आंगाले लावून पाहे, अन् घडी करून परत ठेवून देये. घडी अशी जपून करे ना, माह्यापेक्षा चांगली. कधी कधी गावाच्या शिवेतच रडनं आयकू येये, कोन्या घरचा कर्ता मानूस गेलेला राहे, कसा गेला हे इचारा लागत नव्हतं, मंग आम्ही गठोडं न सोडताच गाडी फिरवो. त्या गावात झबलं कोनाले इकाचं. मंग हे म्हने, सुजाता, एका बाजारानं भागत नाही, सकाळी एक लावू अन् दुपारी दुसरा. तवापासून पळापळ सुरू झाली. गाडी बी पळे अन् माहा जीव बी पळे.

मांगच्या शीटवर बसलेल्या बाईले सगळं दिसते ताई. चालवनाऱ्याले पुढचं दिसते, आपल्याले पुढचं दिसते अन् चालवनारा काय पाहून नाही राह्यला ते बी दिसते. पन आपल्या हातात काही नसते, ना बिरेक ना हँडल. मी नुसती डोळे मिटो. बोललं तं हे म्हने, गाडी तू चालवून राह्यली का मी.

अशात नेरच्या बाजारात पठान चाचा भेटले. फटफटी दुरुस्तीचं दुकान होतं त्यायचं, अन् त्याच्या पयले शहरात कुठं तरी गाडी चालवाचं शिकवत होते. ते म्हने, मेरे पास टूटी गाड़ी आती है, उसको मैं जोड़ देता, लेकिन जो आदमी टूटता है उसको कौन जोड़ेगा. म्हून त्यायनं ठरवलं का बाजार करनाऱ्या गाडीवाल्यायले शिकवाचं, पैसा नाही पायजे, फक्त या. अन् एक अट घातली का मांगं जो बसते त्याले बी घेऊन या. आमचे हे म्हने, मी काय पाळन्यातला हाव का आता शिकाले. मी म्हनलं चला ना, एक दिवस गेला तं काय होते, तसाबी बाजार कुठं होऊन राह्यला. असे आम्ही गेलो.

कापसाच्या जिनिंगच्या आवारात शिकवनं होतं. त्या वर्षी ते जिनिंग बंदच पडलं होतं, नाहीतर त्या दिवसात तिथं बैलबंड्यायची रांग राहे, पाय ठेवाले जागा नसे, आता नुसतं मोकळं आंगन अन् भिंतीले चिकटलेला जुना कापूस. चाचानं दगड मांडले, पोते टाकले, एका जागी कडबा पसरवला, अन् एकेकाले चालवाले लावलं. बिरेक दोन्ही संग दाबा, एक पायाचा एक हाताचा, एकटा दाबला तं गाडी फेकते. नजर चाकापाशी ठेवू नोका, रस्ता जिथं संपून राह्यला तिथं ठेवा. कडब्यावरून जातानी बिरेक नाही, वळवनं नाही, गॅस सोडा, दोन्ही हात घट्ट, सीधा निकल जाओ. आमचे हे असे सीधे निघून गेले ना कडब्यावरून, सगळ्यायनं टाळ्या वाजवल्या, मी बी वाजवल्या.

मंग चाचा रस्त्याकडं उभे राह्यले अन् म्हने, अब वापस आओ, मैं सलाम करूँगा, तुम जवाब देना. हे परत कडब्यावर आले, चाचानं हात वर केला, यायनं हात वर केला, अन् गाडी आडवी. लय हळू होती, काही लागलं नाही, सगळे लोटपोट हासले, हे बी हासले. एकामांगं एक सगळे तसेच पडले, कोनी म्हनून राह्यला नाही. चाचा हासले नाही. ते म्हने, देखा, सीधा हाथ छोड़ा तो क्या क्या छूट गया, गॅस छूटा, हाथ का ब्रेक छूटा, आधा हँडल छूटा, एक हाथ की गाड़ी है वो फिर. एक जन म्हने, चाचा, मंग डावा हात करू. तं दुसरा म्हने, डाव्या हातानं जय भीम घेतं का कोनी, डाव्या हातानं सलाम देतं का, मानसाचा अपमान कराचा हाये का. बरोबर होतं ते. शेवटी चाचा म्हने, गर्दन हिलाओ. पन चालत्या गाडीवरची हाललेली मान दुरून कोनाले दिसते ताई, तुम्हीच सांगा.

परतीच्या वाटेवर माह्या डोक्यात आलं. मी म्हनलं, आयका ना, तुमचा हात हँडलवर राहू द्या, हात मी करत जाईन. हे म्हने, तू? मी म्हनलं, काहून, माहा जय भीम खोटा हाये का. पन एका बाजूनं बसलं का उजवा हात खांदा धराले लागे, डावा मोकळा राहे, अन् डावा तं चालत नाही. म्हून मी सलवार घातली अन् पाय दोन्हीकडं टाकून मानसावानी बसली. आता डाव्या हातानं यायचा खांदा धराचा, उजवा मोकळा. ज्यानं कोनी हात केला त्याले मी हात करो, मोठ्यानं जय भीम म्हनो, बाबासारखी. अरे बापा, काय बोलले लोकं. कोनी म्हने, सुजाताबाई मिरवनुकीत बसल्यावानी हात हालवते. कोनी म्हने, निवडनुकीले उभी राह्यली वाटते. आमच्या मोठ्या जाऊबाई म्हनल्या, नवऱ्याचा हात मोडला काय वं तुह्या. बोललं खरं, अन् पुढचं बोलनाऱ्याले काय मालूम राहाते.

पन ताई, चाचाच्या त्या एका दिवसानं आम्हाले वाचवलं, हे बी लिहा. चाचानं मांगच्याले बी काम देल्लं होतं. डावीकडं काही दिसलं तं डाव्या खांद्यावर थाप, उजवीकडं दिसलं तं उजव्या. बोलाचं नाही, हवेत आयकू येत नाही. अन् चाचा म्हने, येष्टी उभी दिसली तं येष्टी नोको पाहू, तिच्या खालून पाय पाहा. एक दिवस फाट्यावर येष्टी उभी होती, हे बाजूनं काहाडून राह्यले होते, अन् मले खालून दोन लहाने पाय दिसले, पैंजन घातलेले. मी डाव्या खांद्यावर अशी थाप मारली, यायनं दोन्ही बिरेक दाबले, अन् ते पोट्टी येष्टीच्या पुढून भुर्रकन आडवी गेली, आमच्या चाकाले तिचा फ्राक घासून गेला. आमच्याच गठोड्यातला फ्राक होता तो, मी ओळखला. आम्ही दोघं तिथंच निंबाखाली बसलो. मंग कापसाच्या बंडीवरचा गडी वर कापसातच झोपून जाते अन् बैल आपल्या मनानं चालतात, तं भोंगा वाजवून भरोसा ठेवाचा नाही, हे बी चाचाकडंच शिकलो. यायले ते आवडाले लागलं. मले म्हने, तू मांगं असली का मले दोन डोळे अजून भेटतात. एवढ्या वर्षाच्या संसारात असं काही बोललेच नव्हते हो कधी.

सगळीकडं जमलं, एकाच जागी जमलं नाही. माह्या माहेरी. माहेरचं गाव बाजाराच्या रस्त्यावरच, बाबाचं वावर बी रस्त्याले लागून. हे म्हने, जगाले तुह्या हातानं जय भीम घालीन, पन तुह्या बाबाले बायकोच्या हातानं घालू काय? जावाई हाव मी. मंग आम्ही ठरवलं का तिथं आलं का गाडी उभी कराची, उतराचं, बाबाले नीट जय भीम घ्याचा, पानी प्याचं अन् मंग निघाचं. बरेच दिवस तसं चाललं. एकदा उशीर झालता म्हून हे थांबले नाही, हात बी सोडला नाही, नुसती मान हालवली. मी हात केला, ओरडली बी. पन बाबाले जावायाचा हात नाही दिसला. त्या रात्री बाबा जेवला नाही म्हने. निरोप आला का जावाईबापूचं काही बिनसलं काय, माह्याकडून काही चुकलं असंन तं सांगा. हा निरोप यायनं मनात धरून ठेवला. मी किती समजावलं का बाबाले मी सांगते नीट, पन मीच सांगाले गेली नाही लवकर, बाजारातून सवड कुठं होती.

तुरीचे दिवस होते. सकाळचा बाजार गेला तसाच, काही इकलं नाही, दुपारचा गाठाचा होता. ऊन चांगलं पडलं होतं, रस्ता मोकळा. माहेरच्या शिवेत आलो तं लांबूनच दिसलं का रस्त्यावर तूर पसरवली हाये. तुम्हाले मालूम असंन, आमच्याकडं असंच करतात, खळं कोन करत बसते आता, गाड्या वरून गेल्या का शेंगा फुटतात, मळनी आयतीच होते, अन् पसारा सरकू नये म्हून कडंनं दगड मांडतात. हे म्हने, पाहाय, तुह्या बाबाची तूर दिसते, आज थांबत नाही, येतानी थांबू. मी म्हनलं बरं. यायनं गॅस सोडला, गाडी हळू केली, दोन्ही हात घट्ट, जसं जिनिंगच्या आंगनात केलं होतं तसंच. सगळं बरोबर करून राह्यले होते ताई, काही म्हनजे काही चुकत नव्हतं.

अन् तूर सारखी करत वाकलेला बाबा सीधा झाला. त्यानं आम्हाले पाह्यलं. त्याचं तोंड असं फुललं ना, त्या दिवशीचं तोंड मी मरेपर्यंत भुलनार नाही. डाव्या हातात दाताळं, अन् उजवा हात पूरा खांद्यापासून वर, जय भीम जावाईबापू.

मले दगड दिसला. तुरीच्या काड्याखाली अर्धा झाकलेला, उजवीकडं. मी उजव्या खांद्यावर थाप माराले हात उचलला, तं खांदा खाली नव्हताच, यायचा हात वर गेलेला, माही थाप यायच्या दंडाले लागली. हे मोठ्यानं जय भीम म्हनले. ते पूरं म्हनून झालं, अन् चाक दगडावर गेलं.

मी गठोड्यावर पडली. लेकरायच्या झबल्यावर पडली, मले खरचटलं बी नाही. हे उजव्या खांद्यावर पडले, मान एकीकडं अन् खांदा एकीकडं झाला. डोक्यात हेल्मेट होतं, चाचानंच घ्याले लावलं होतं, ते फुटलं, डोकं नाही फुटलं. यवतमाळच्या दवाखान्यात डाक्टर म्हने, हेल्मेट नसतं तं आज तुम्ही बोलत नसते. पन हाताच्या शिरा मानेतूनच तुटल्या म्हने. हात हाये, बोटं हायेत, नखं वाढतात, कापावी लागतात मले, पन हालत नाही. मोठ्या शहरात नेऊन बी पाह्यलं. तिथले डाक्टर चांगले होते, त्यायनं नीट बसवून सांगतलं का आता उशीर झाला, याच्या पुढं आमच्या बी हातात नाही. हातात नाही, असंच म्हनले ते. मी दवाखान्याच्या पायरीवर बसून रडली, आजूबाजूचे लोकं पाहून राह्यले होते तरी रडली.

हे दवाखान्यात मले एकच गोष्ट म्हनत, सुजाता, मी हात उचलला नाही वं, तो उचलल्या गेला. मले सगळं याद होतं, चाचा याद होते, कडबा याद होता, तरी उचलल्या गेला. मी म्हनो, मालूम हाये मले. मालूम हायेच. मी गाडी चालवत असती तं बाबाच्या तोंडाकडं पाहून माहा बी उचलल्या गेला असता.

पठान चाचा आले होते भेटाले. यायच्या खाटेपाशी बसले. मंग म्हने, बेटी, मैंने घास पे गिराया था इसको, हँसी में गिराया था, कि याद रहे. याद तो रहा. अजून बी ते शिकवतात, मानसं येतात, काही वाचतात बी असतीन. वाचलेला मानूस काही सांगाले येत नाही ना, का मी आज पडलो नाही म्हून. म्हून वाचलेले मोजता येत नाही, पडलेलाच दिसते. पन मी सांगते लोकायले, जा चाचाकडं. सुजाताचा नवरा शिकून बी पडला असं म्हनून हासतात काही जन, त्यायले मी ते पैंजनाचे पाय सांगते. ते पोट्टी आता मोठी झाली, बाजारात दिसते मले, तिले काही मालूम नाही.

बाबाचं काय सांगू. घरचीच तूर, घरचाच दगड, घरचाच जावाई. कोनावर राग काहाडाचा? हे कधी एक शब्द बोलले नाही बाबाले, मी बी नाही. बोललो असतो तं बरं झालं असतं असं वाटते आता. बाबानं त्या दिवसापासून हात वर करनं सोडलं. रस्त्यानं चालते तं दोन्ही हात पाठीमांगं बांधून, मान खाली. कोनी जय भीम केला तं तोंडातल्या तोंडात म्हनते, हात सोडत नाही. माह्या बापाची मान वर अन् हात वर होता ताई, अन् आता तो त्याच्या आज्यावानी चालते. हे पाहून माह्या काळजात कसं होते हे मले सांगता येत नाही. मी समजावलं, चाचानं समजावलं, विहारातले मानसं समजावून गेले का उभ्यानं, पायी चालतानी हात केला तं काय होते. तं बाबा म्हने, माह्या हाताचा मले भरोसा नाही राह्यला.

आता पोरगी आमची, प्रज्ञा, दारव्ह्याले औषधाच्या दुकानात कामाले जाते, स्कूटीवर. चाचाकडं धाडलं तिले पयले, मंगच गाडी हातात देल्ली. ते हात करत नाही कोनाले. लोकं म्हनतात, गर्वाची हाये पोट्टी. म्हनू द्या. बाजारच्या दिवशी मी तिच्या मांगं बसते गठोडं घेऊन, तिच्या वाटचे हात मी करते. पन रोज काही मी मांगं नसते. सकाळी ते निघाली का मी वळनापर्यंत पाहाते, त्याच्या पुढं काय हाये मले दिसत नाही. येष्टीखालचे पाय आता तिलेच पाहाचे हायेत.

हे दिवसभर या वट्यावर बसतात. रस्त्यानं जानारे अजून हात करतात यायले, जुनी ओळख. हे मान हालवतात, डावा कधी उचलत नाही, म्हनतात अपमान होईन समोरच्याचा. मांगच्या पौर्णिमेले बाबा आला होता. आंगनात उभा राह्यला, हात पाठीमांगं. हे उठले. डाव्या हातानं यायनं आपला उजवा हात धरला, मनगटापाशी, जसं झोपलेलं लेकरू उचलतात तसा उचलला, अन् छातीपर्यंत आनला, अन् म्हने, जय भीम बाबा. त्याच्या वर जात नाही तो. मंग बाबा जवळ आला, यायचा तो हात आपल्या हातात घेऊन खाली ठेवला, हळूच, अन् म्हने, पोचला जावाईबापू, पोचला. मी चहाच्या निमतानं आत गेली. स्वतःचा हात त्यानं वर केला नाहीच. त्याले काय करावं, मले समजत नाही. कोनाच्या हातात नाही ते.

झालं एवढंच. लिहून झालं का तुमचं? उन्हं कलले, निघा आता, वाटेत नाल्याच्या वळनावर गिट्टी सांडली हाये, तिथं बिरेक मारू नोका, सीधं जा. अन् ताई, तुम्ही गाडी चालू केली का मी इथं दारात उभी राहीन, पन मी हात करनार नाही, वाईट वाटून घेऊ नोका. मी केला तं तुमचा बी उचलल्या जाईन. तुम्ही मांगं पाहू नोका, दोन्ही हात हँडलवर ठेवा, अन् सुखरूप घरी जा. तुमचा जय भीम मले पोचला.